साऱ्याइची गेली काय?

आमच्या गल्लीत लाइट गेली की लोक आधी मेणबत्ती शोधत नाहीत. आधी फाटकापाशी येतात, इकडे तिकडे बघतात आणि समोर जो कुणी दिसेल त्याला विचारतात, "साऱ्याइची गेली काय?"

"साऱ्याइची" असं उत्तर आलं की माणूस निवांत होतो. साऱ्यांची गेली म्हणजे बिघाड वर कुठेतरी आहे. कुणीतरी फोन केला असेल, कुणीतरी येईल, आपण फक्त उभं राहायचं. "नाई जी, तुमचीच" असं आलं तर मात्र तुमचं तुम्ही बघा. फ्यूज बघा, मीटर बघा, वायरमन शोधा. बाकीचे आपापल्या उजेडात परत जातात.

अकोल्याच्या या गल्लीत मला अकरा वर्षं झाली. पहिली सहा नवऱ्यासोबत, पुढची एकटीने. मुलगी बंगळुरूला. गल्लीत एकमेकांना वहिनी, काकू, भाऊजी सगळं आहे. मला मात्र लहानथोर सारे "मॅडम" म्हणतात. मी अकोटच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते म्हणून. सुरुवातीला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी. ज्या अकोटात माझ्या बापाने जिनिंगमध्ये रुईच्या गाठी पाठीवर वाहिल्या, त्याच अकोटात मी फळ्यापुढे उभी राहते. मॅडम म्हणवून घ्यायला मी कष्ट केले आहेत. पण मॅडमच्या दारी वाटी घेऊन साखर मागायला कुणी येत नाही, हे मला नवरा गेल्यावरच कळलं.

गल्लीकडून मला मिळायचं ते एवढंच. लाइट गेल्यावरचा तो प्रश्न आणि फुलांचा एक पुडा.

पुडा समोरच्या वहिनींचा. त्यांचा फुलांचा धंदा. बाळापूरच्या बाजूला त्यांच्या दिराचा मळा आहे. सकाळी त्या बाजारात बसतात, दुपारनंतर घरी हार गुंफतात. पहाटे बाजाराला निघताना माझ्या फाटकाच्या कडीला पानात बांधलेला छोटा पुडा अडकवून जायच्या. नवरा गेला त्या महिन्यात त्यांनी एकदाच विचारलं होतं, "मॅडम, तुमच्यात वंदनेले कोणतं फूल लागते जी?" मी म्हटलं, पांढरं असलं की झालं. तेव्हापासून पांढरंच. कधी मोगरा, कधी निशिगंध, कधी नुसती चांदणी. पैशाचं विचारलं तर म्हणाल्या, "फुलाच्या पुडीचं काय विचारता जी." त्यावर आमचं बोलणं संपलं होतं. पुढे रोज पुडा यायचा, आम्ही रोज बोलत नव्हतो, आणि तरी सकाळी कडीला हात लावला की मला कुणीतरी आहे असं वाटायचं.

मग मी गाडी घेतली. चारचाकी, इलेक्ट्रिक.

अकोटची एसटी उभ्याने करून माझे गुडघे गेले होते. मोठी बहीण अमरावतीला आजारी असते, तिच्याकडे जायचं तर अख्खा रविवार स्टँडवर जायचा. मुलगी म्हणाली, "आई, घेच." घेतली. एका चार्जिंगमध्ये अमरावतीला जाऊन येऊन पुरेल अशी. गल्लीतली पहिली. पोर्चच्या भिंतीवर चार्जरची पांढरी पेटी बसली. बसवणारा माणूस जाताना म्हणाला, "मॅडम, तुमच्या बिलावर मंजूर भार पाहून घ्या. हे मशीन एकटंच त्याच्यापेक्षा जास्त ओढते. ऑफिसात वाढवून घ्या."

मंजूर भार. हे दोन शब्द मी लहानपणी शिकले. आमच्या गावातल्या घराला एका दिव्याचं कनेक्शन होतं. एक दिवा, बाकी काही नाही. माझ्या भावाने एकदा कुठूनसा जुना टेबलफॅन आणला आणि दिव्याच्या होल्डरमधून वायर काढून लावला. बाप कामावरून आला, पंखा बघितला आणि काढून ठेवला. उन्हाळा होता, आम्ही घामाने भिजलो होतो. म्हणाला, "आपल्याले एक दिवा मंजूर हाये. दुसऱ्याच्या वाट्याची लाइट आपल्याले नाई पायजे." त्याला सही येत नव्हती, अंगठा उठवायचा. पण मंजूर म्हणजे काय ते त्याला कळत होतं.

मी फॉर्म आणला. भरला. ऑफिसात जायला रजा काढावी लागणार होती, परीक्षा तोंडावर होत्या. फॉर्म टेबलाच्या खणात राहिला.

संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावली की अडचण यायची. आमच्या गल्लीत दिवे संध्याकाळी पिवळे पडतात. उन्हाळ्यात घरोघरी कूलर, त्यात नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो, आणि आला की सगळे एकदम मोटर लावतात. विजेचा दाब एवढा उतरायचा की गाडी आपणहून चार्जिंग थांबवायची. मी लाइनमनला फोन केला. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, तिला बारावीला मी घरी बोलावून शिकवलं होतं.

तो आला, खांबाकडे बघून म्हणाला, "तुमी मधल्या फेजवर हा जी. अर्धी गल्ली त्याच्यावरच लटकून राहिली. तिसरा फेज चांगला हाये, चारच घरं हायेत. टाकू का तुमाले तिकडं?"

खांबावरून तीन तारा येतात, प्रत्येक घर त्यातल्या एकीवर असतं. लोक त्यात चांगला फेज आणि डिम फेज असा भेद करतात आणि ओळखीने चांगल्यावर जातात. सगळे तिकडे गेले की तो डिम होतो, मग परत दुसरीकडे. चांगला फेज मुळात चांगला नसतो. त्याच्यावर माणसं कमी असतात, एवढंच. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते.

मी म्हटलं, "टाका."

"तुमचं काम नाई करीन तं कोणाचं करीन जी," तो म्हणाला आणि वर चढला. मी खाली शिडी धरून उभी राहिले. तिसऱ्या फेजवरच्या चार घरांत एक समोरच्या वहिनींचं होतं. ते मला माहीत होतं. पूर्वी त्या चार घरांची लाइट जायची तेव्हा माझी राहायची, म्हणून माहीत होतं.

पंधरा-वीस दिवस छान गेले. गाडी भरायची. वहिनींचा कूलर संध्याकाळी थोडा जड आवाज करायचा, तो मला माझ्या पोर्चमधून ऐकू यायचा.

मेमधली ती संध्याकाळ. वहिनींकडे दोन लग्नांचे हार होते. मोगरा आणि गुलाबाच्या राशी ओल्या बारदान्यावर पसरून कूलरसमोर ठेवलेल्या, दार उघडं, वास रस्त्यापर्यंत. मी अमरावतीहून बहिणीकडून आले होते, बॅटरी उतरलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी अकोटला परीक्षेची ड्यूटी. नळ आला होता, गल्लीभर मोटरी घरघरत होत्या. मला ते सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. मी गाडी लावली. आत जाऊन चहा ठेवला. चहा उकळायच्या आत खांबाकडे ठप्प असा आवाज झाला आणि पंखा थांबत गेला.

मी फाटकापाशी आले. वहिनी आधीच ओट्यावर होत्या, मांडीवर अर्धा हार.

"साऱ्याइची गेली काय?" त्यांनी विचारलं.

"आमची हाये," कोपऱ्यावरचे पेन्शनर भाऊजी म्हणाले. ते बनियनवर रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले होते. "तुमच्या पाच घराइचीच गेली. मॅडमनं गाडी लावली अन् ठप्पकन गेली, मी पाह्यलं नं! एक माणूस राह्यते घरात, अन् धा घराची लाइट ओढते. आमी काय इथं हवा घालत बसाव एकमेकाइले?"

दोन-तीन जण हसले. मला ते हसणं लागलं. मी एकदम ताठ झाले, वर्गात होते तशी.

"भाऊजी, माझीपण गेलीय," मी म्हणाले. "मी माझीच लाइट घालवीन का?"

खरं तर यात एक शब्दही खोटा नव्हता. आणि वहिनी माझ्या बाजूने बोलल्या. "हो नं जी! त्याइची बी गेली. त्या काहून करतीन? तुमाले तं त्या गाडीचीच जळते." मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाल्या, "पयले आमची गेली तं तुमची राहे. आता तुमची बी जाऊन राहिली. काय दिवस आले बाप्पा!"

मी म्हणाले, "हो ना."

एवढंच म्हणाले.

लाइनमन दुसऱ्या बिघाडावर अडकला होता, सकाळशिवाय येणार नव्हता. सकाळी मी उठले तेव्हा वहिनींच्या ओट्याखाली मोगऱ्याचा ढीग होता, तपकिरी, उकडल्यासारखा. गुलाबाच्या पाकळ्या कडेने काळ्या. लग्नवाल्यांचा माणूस मोटरसायकलवर आला, बघितलं, काही बोलला नाही, बाजारातून दुसरीकडून हार घ्यायला गेला. ते न बोलणं वाईट. एक गिऱ्हाईक तुटलं की त्याच्या पाहुण्यांतली चार तुटतात, असं वहिनीच एकदा कुणाला तरी सांगत होत्या.

आणि माझ्या फाटकाच्या कडीला पुडा होता.

उघडला. त्यातल्या त्यात पांढऱ्या राहिलेल्या नऊ-दहा कळ्या. एवढ्या ढिगातून निवडून काढलेल्या. मी तो पुडा हातात घेऊन पोर्चमध्ये गाडीजवळ उभी राहिले. वंदना केली नाही त्या दिवशी. ती फुलं बुद्धमूर्तीपुढे ठेवायला हात धजला नाही.

मी एसटीने अकोटला निघणार तेवढ्यात लाइनमन आला. खांबावर चढला, फ्यूज टाकला. वहिनी खालून म्हणाल्या, "काहून गेली जी? माह्या फुलाइचं सारं वाटोळं झालं."

त्याने वरून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "ऊन किती हाये वहिनी. तारा बी तापतेत."

वहिनींनी मान डोलावली. तारा तापतात हे त्यांना पटलं. माझी इज्जत राखली म्हणून तो जाताना माझ्याकडे बघून जरासा हसला. मला बापाचा टेबलफॅन आठवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडा. तिसऱ्या दिवशीही. चूक उघडी पडून शिव्या बसल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसेना. नवरा असता तर त्याला सांगितलं असतं, तो म्हणाला असता, "जाय, सांगून ये, भेकडासारखी बसू नको." मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, ट्रान्सफॉर्मरची कपॅसिटी वाढवणं हे कंपनीचं काम आहे, तू कशाला गिल्ट घेतेस?" तिचंही खरं आहे. पण तिला तो ढीग दिसला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी मी समोर गेले. अकरा वर्षांत त्यांच्या ओट्यावर पहिल्यांदा बसले. वहिनी सुई ओवत होत्या.

"बसा नं जी, वर पाटावर बसा."

"नको. वहिनी, एक सांगाचं होतं." माझी भाषा आपोआप गावाकडे गेली. वर्गात मी ती येऊ देत नाही. "लाइट माह्या गाडीनंच गेली. मी लाइनमनले सांगून तुमच्या फेजवर आली. मायनाभर झाला नाई अजून. तुमचा कूलर रडे, ते बी मले ऐकू ये."

सुई थांबली.

"उन्हानं नाई गेली?"

"नाई."

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"त्या दिवशी फाटकापाशी उभ्या होत्या, तवा बी?"

"तवा बी."

त्यांनी दोन फुलं ओवली. मग तिसरं. मी भरपाईचं बोलले. त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

"फुलाचं काय, सुकतेच," त्या म्हणाल्या. "भाऊजी बोलला तुमाले, अन् मी त्याच्याशी भांडली जी. साऱ्या गल्लीत. मले वाटलं, मॅडमची बी गेली."

मी उठले. त्यांनी बसा म्हटलं नाही.

पुढच्या सकाळी कडीला पुडा नव्हता.

मी रजा काढली. खणातला फॉर्म घेऊन ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसाने वाचला. "मागणी भार एवढा? घरात माणसं किती हायेत?"

"एक."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "एक?" त्याने नोंद केली. म्हणाला, डीपीवर जागा बघावी लागेल, तुमच्या गल्लीची डीपी लहान आहे, मोठी बसेल तेव्हा बसेल, वाट बघा. डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा तो ट्रान्सफॉर्मर. मी वाट बघते आहे.

तोवर माझं मीच ठरवलं. लाइनमनला बोलावून परत मधल्या फेजवर गेले. तो म्हणाला, "आता कोणी काई म्हणत नाई जी, राहू द्या." मी म्हटलं, काढा. भिंतीवरची मोठी पेटी बंद करून ठेवली. गाडी साध्या पॉइंटवर लावते, हळूहळू भरते, कमीत कमी करंटवर. कूलर बंद झाल्यावर सकाळी, रविवारी भर दुपारी. नळाच्या दिवशी लावतच नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नळाच्या तारखांना "न" लिहिते. अमरावतीला जायचं तर तीन दिवस आधी विचार करावा लागतो. बहिणीला म्हटलं, पूर्वी एसटीचं टाइमटेबल पाहायची, आता नळाचं पाहते. ती हसली. बऱ्याच दिवसांनी कुणी माझ्यामुळे हसलं.

गल्लीच्या ग्रुपवर मी लिहायला लागले, "उद्या नळ आहे. मी गाडी लावणार नाही." पहिल्यांदा कुणी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा पेन्शनर भाऊजींनी अंगठा पाठवला. पुढे गल्लीत दोन इलेक्ट्रिक स्कूटी आल्या, तेव्हा त्या घरच्या सुना मला विचारायला लागल्या, "मॅडम, आज किती वाजता लावू?" मी कुणी कोणत्या फेजवर आहे त्याचा एक कागद केला. या फेजवर सकाळी ही, त्या फेजवर दुपारी ती. लोक पाळतात. मला वेळ विचारतात, मी सांगते, ते जातात. अजूनही कुणी साखर मागायला येत नाही. आणि वहिनी त्या ग्रुपवरच नाहीत. त्यांचा फोन साधा आहे.

मी फुलं बाजारातून आणते. त्यांच्याकडून नाही, तिथे जायची हिंमत होत नाही. पलीकडच्या टोकाला एक म्हातारे बसतात, त्यांच्याकडून.

मुलगी म्हणते, इन्व्हर्टर घे. गल्लीत आता बहुतेकांकडे आहे. लाइट गेली की क्षणभर लुकलुक होते आणि घरं पुन्हा उजळतात. फाटकापाशी हल्ली कुणी फारसं येत नाही. विचारायचंच काही उरत नाही. नवऱ्याने बसवलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी तो गेल्यावर वर्षभरात मेली, ती मी बदलली नाही. मुलीला सांगते, घेईन, घेईन. घेतला तर मला फाटकापर्यंत जायला कारण राहणार नाही, हे तिला कसं सांगू?

पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. वहिनींकडे झेंडूच्या राशी आल्या होत्या, बैलांच्या माळांसाठी. दिवेलागणीला लाइट गेली. माझी गाडी लावलेली नव्हती. "न" होता कॅलेंडरवर. तरी माझं पहिलं पाऊल पोर्चकडे गेलं. वायर भिंतीला गुंडाळलेली होती, तिला हात लावून बघितला. मग फाटकापाशी आले.

गल्लीत लुकलुक झाली आणि एकेक खिडकी उजळली. इन्व्हर्टर. दोनच घरं काळी राहिली, माझं आणि समोरचं. रस्त्यावर कुणी नाही. समोर ओट्यावर वहिनी आल्या. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. भाऊजी मुलाकडे गेले होते. विचारायला माझ्याशिवाय माणूस नव्हतं.

मी फाटकाची कडी धरून होते.

"साऱ्याइची गेली काय?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून.

मी डीपीकडे बघितलं, कोपऱ्यावरच्या खांबावरचा विझलेला दिवा बघितला, त्याच्या पलीकडची गल्ली बघितली. पूर्ण खात्री केली. या वेळी मला चुकायचं नव्हतं.

"साऱ्याइची, वहिनी," मी म्हणाले. "माह्यी गाडी लावेल नाई."

"तुमची बी गेली?"

"माह्यी बी गेली."

त्या ओट्यावर बसल्या. काळोखात झेंडूचा ढीग नुसता उंचवटा दिसत होता.

"मंग येते लाइट," त्या म्हणाल्या.

मी आत गेले नाही. त्याही गेल्या नाहीत. आम्ही दोघी आपापल्या ठिकाणी, मधे रस्ता, लाइट यायची वाट बघत राहिलो.